साल्हेरच्या पायथ्याशी सहकुटुंब तंबू-मुक्काम: मुलांसह जाणाऱ्यांसाठी सविस्तर अभिप्राय

नाशिकहून मुलांना घेऊन डोंगरात मुक्कामाला जायचे म्हटले की बहुतेकांची पावले भंडारदऱ्याच्या जलाशयाकडे किंवा त्र्यंबक रस्त्यावरच्या शेतघरांकडे वळतात. तेथे सोयी भरपूर आहेत, पण रात्री उशिरापर्यंत वाजणारी गाणी आणि शेजारच्या तंबूतला गोंगाट यांमुळे डोंगरात आल्यासारखे वाटत नाही, शिवाय मुलांनी खरोखर चढून जावे असा गडही दाराशी नसतो. आम्हाला या वेळी मुलांना एक मोठा गड त्यांच्या पायांनी चढू द्यायचा होता आणि सासूबाईंनाही सोबत न्यायचे होते. म्हणून आम्ही बागलाण तालुक्यातील साल्हेर निवडला आणि पायथ्याच्या वाघांबे गावातील एका शेतकरी कुटुंबाने सुरू केलेल्या तंबू-मुक्कामाची सेवा घेतली. या सेवेचा कोठेही फलक नाही, जाहिरात नाही, ओळखीतून ओळख मिळत तेथे पोहोचावे लागते. तिच्याविषयी लिहिण्याचे कारण असे, की मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाने अशा सेवेत नेमके काय पाहावे, हे मला येथे स्पष्टपणे कळले.

साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला आहे. त्याची उंची 1567 मीटर असून राज्यातील शिखरांत 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईनंतर त्याचाच क्रमांक लागतो. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे जे 12 किल्ले समाविष्ट झाले, त्यांत नाशिक जिल्ह्यातील हा एकच आहे. गडावर पाणी आहे, गुहा आहेत, त्यामुळे पूर्वापार गिर्यारोहक वरच मुक्काम करीत आले आहेत. या कुटुंबाने मात्र तंबू गडावर न नेता पायथ्याच्या स्वतःच्या शेतात लावण्याचा निर्णय घेतला आहे आणि तो मला अतिशय योग्य वाटतो. गड राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे, त्यावर चुली पेटवून आणि खुंट्या ठोकून त्याचे काही भले होत नाही. लहान मुलांच्या दृष्टीनेही रात्री कड्याच्या काठापासून दूर असणे, जवळ घर असणे आणि गरज पडल्यास गाडीपर्यंत दोन मिनिटांत पोहोचता येणे फार महत्त्वाचे आहे.

नोंदणीसाठी फोन केला, तेव्हाच या सेवेचा स्वभाव लक्षात आला. नाशिकमधील ज्या दोन-तीन आयोजकांकडे मी आधी चौकशी केली होती, त्यांनी माणसे किती आणि आगाऊ रक्कम केव्हा पाठवणार, एवढेच विचारले होते. येथे घरच्या दादांनी मुलांची वये विचारली, कोणाला दमा आहे का, कोणाचे गुडघे दुखतात का, मुलांच्या बुटांचे तळवे झिजलेले आहेत का, याची चौकशी केली आणि मग सांगितले, "शिखर दाखवतोच असा शब्द मी देत नाही, ताई. लेकरू कसे चालते ते खिंडीत बघू आणि तिथून पुढचे ठरवू." पैसे देणाऱ्या माणसाला असे सांगायला धैर्य लागते. आमचा आठ वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी यांच्या क्षमतेत मोठा फरक आहे, हे त्यांनी फोनवरच हेरले आणि एकाऐवजी दोन वाटाडे बरोबर देण्याचे सुचवले. हा दुसरा वाटाड्याच पुढे आमच्या सहलीचा आधार ठरला.

नाशिकहून सोग्रस फाटा, भावडबारी, देवळा, सटाणा आणि ताहाराबाद असे जाऊन मुल्हेरमार्गे वाघांबे गाठता येते. सटाण्यापर्यंत रस्ता चांगला आहे, ताहाराबादनंतर तो अरुंद होत जातो. मुल्हेरच्या पुढे गावांत खाण्यापिण्याची दुकाने कमी आहेत, म्हणून औषधे, मुलांचा खाऊ आणि रोख पैसे सटाण्यातच घेऊन ठेवावेत. अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे, असा या कुटुंबाचा आग्रह असतो आणि तो पाळण्यासारखा आहे. उजेडात गडाची आणि शेजारच्या सालोटा किल्ल्याची भिंत समोर दिसली, की दुसऱ्या दिवशी कोठे जायचे आहे ते मुलांना आपोआप समजते.

तंबू कापणी झालेल्या शेताच्या वरच्या टप्प्यावर, बांधाच्या आडोशाने लावलेले होते. खाली ओढ्याजवळ सपाट आणि मऊ जागा असतानाही वरची जागा का निवडली, असे मी विचारले. थंडीच्या रात्री जड झालेली गार हवा उतारावरून वाहत येऊन खोलगट भागात साचते, म्हणून ओढ्याकाठी गारठा जास्त असतो आणि दवही जास्त पडते, असे त्यांनी सांगितले. आमच्या जागेवर सकाळी गवत ओले होते, पण खाली ओढ्यावर धुक्याचा थर पसरलेला दिसत होता, त्यामुळे त्यांच्या बोलण्याची खातरजमा झाली. अंथरण्यासाठी जाड फोमच्या गाद्या आणि त्यांखाली घरची घोंगडी होती. जमिनीकडून येणारा गारठा अंगावरच्या पांघरुणाने अडत नाही, तो अंगाखालच्या थराने अडतो, हे या मंडळींना नीट ठाऊक आहे.

तंबूंविषयी मात्र एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. त्यांच्याकडे दोन प्रकारचे तंबू आहेत. दुहेरी आवरणाच्या तंबूत श्वासाची वाफ आतल्या जाळीतून बाहेर जाते आणि बाहेरच्या थंड कापडावर तिचे थेंब जमतात, त्यामुळे आतली माणसे कोरडी राहतात. एकेरी कापडाच्या तंबूत तेच थेंब आतल्या बाजूला जमतात. आमच्या दोन तंबूंपैकी एक एकेरी कापडाचा निघाला आणि मुलाची झोपण्याची पिशवी पायाकडच्या बाजूने कापडाला टेकल्यामुळे पहाटेपर्यंत चांगलीच ओलसर झाली. दादांनी संध्याकाळीच तंबूच्या वरच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या होत्या, त्याचा उपयोग झाला, परंतु मुलांच्या वाट्याला असा तंबू येताच कामा नये. त्याच पिशवीबद्दल दुसरी गोष्ट अशी, की त्यांच्याकडे मुलांच्या मापाच्या पिशव्याच नाहीत. मोठ्या माणसाच्या पिशवीत लहान मूल झोपवले, की पायाशी रिकामी जागा उरते आणि ती मुलाच्या अंगच्या उबेने गरम होत नाही. आम्ही त्या जागेत गरम कपडे कोंबून वेळ निभावली. जाणाऱ्यांनी मुलांसाठी घरचे ब्लँकेट अवश्य न्यावे आणि नोंदणी करतानाच दुहेरी आवरणाचे तंबू मागून घ्यावेत.

स्वच्छतागृहाची सोय पुरेशी नाही. सगळ्या तंबूंसाठी एकच शौचालय आहे. ते स्वच्छ होते, बादलीत पाणी कायम भरलेले होते, पण तेथे दिवा नव्हता आणि आतली कडी नीट लागत नव्हती. वाढत्या वयाच्या मुलीला घेऊन जाणाऱ्या आईला ही गोष्ट किती खटकते, हे मी वेगळे सांगायला नको. मी हे घरच्या वहिनींना सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच दिव्याची तात्पुरती व्यवस्था केली आणि रात्री मुलीबरोबर त्या स्वतः उभ्या राहिल्या. आपुलकीने त्या रात्रीची अडचण दूर झाली, तरी पैसे घेऊन चालवलेल्या सेवेत कडी आणि दिवा या किमान गोष्टी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेवणाबद्दल मात्र लिहावे तेवढे थोडेच आहे. रात्रीच्या जेवणात नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाच्या डाळीची आमटी, खुरासणीची चटणी, भात आणि मुलांसाठी वेगळे काढलेले बिनतिखटाचे पिठले होते. वहिनी चुलीपुढे बसून भाकरी करीत होत्या. नागलीच्या पिठाला चिकटपणा कमी असतो, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात घेऊन, गरम असतानाच पुष्कळ मळून, दोन्ही तळव्यांवर फिरवत त्या भाकरी मोठी करीत होत्या. तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि कडा सुटू लागल्या की ती उलटून निखाऱ्यांशेजारी उभी करायची. माझी मुलगी हे सगळे पाहत बसली आणि मग तिनेही एक भाकरी थापली. ती तव्यावर दुभंगली, तेव्हा वहिनींनी ती तशीच भाजून तिच्याच ताटात वाढली आणि तिने ती पूर्ण खाल्ली. घरी नाचणी म्हटले की तोंड फिरवणाऱ्या या मुलीने दुसऱ्या दिवशी डब्यात तीच भाकरी मागून घेतली.

पहाटे उजाडण्याच्या सुमारास आम्ही निघालो. सासूबाई गुडघ्यांमुळे येणार नव्हत्या आणि त्यांचा दिवस कसा जाईल, ही माझी मोठी काळजी होती. बहुतेक ठिकाणी न चढणाऱ्या माणसाला तंबूत बसवून ठेवतात. येथे घरच्या आजींनी त्यांना पडवीत बसवून घेतले, दोघींनी मिळून धान्य निवडले, गावातल्या देवळात जाऊन आल्या आणि दुपारी आम्ही उतरलो तेव्हा सासूबाईंना गावातल्या निम्म्या घरांची नावे ठाऊक झाली होती. घरातील ज्येष्ठ व्यक्तीला सोबत न्यायचे की नाही, या संभ्रमात असलेल्यांनी निःशंक न्यावे.

वाघांबेकडून चढणारी वाट प्रथम शेतांतून आणि झाडीतून जाते आणि मग साल्हेर व सालोटा यांच्यामधल्या खिंडीकडे चढत राहते. खिंडीपर्यंतचा चढ अंगावर येणारा आहे आणि काही ठिकाणी घसारा आहे. मोठा वाटाडा पुढे आणि त्याचा पुतण्या सर्वांच्या मागे, अशी रांग त्यांनी सुरुवातीलाच लावली आणि ती कोणालाही मोडू दिली नाही. पुढच्याने वेग मुलाच्या पावलांवरून ठरवला. विश्रांती घ्यायची, तर चढाच्या मध्येच कोठेतरी बसू न देता सावली आणि सपाटी असेल तेथेच ती द्यायची, पाणी एकदम न पिऊ देता घोटभर प्यायला लावायचे, हे सगळे त्याने इतक्या सहजतेने केले, की मुलांना आपण शिस्तीत चालतो आहोत याची जाणीवही झाली नाही. दोघेही त्याला थोड्याच वेळात मामा म्हणू लागले होते. अत्तर किंवा सुगंधी फवारा मारून यायचे नाही आणि कड्याखाली ओरडायचे नाही, ही ताकीद त्याने आदल्या रात्रीच दिली होती. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळांची पोळी असतात, ती चवताळली तर पळायलाही जागा उरत नाही, आणि म्हणूनच हा नियम मोठ्या माणसांनी मुलांपेक्षाही कसोशीने पाळला पाहिजे.

खिंडीनंतर कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे लागतात. पायऱ्या उंच आहेत, काहींच्या कडा झिजून तिरप्या झाल्या आहेत, आणि आठ वर्षांच्या मुलाला त्या गुडघ्याच्या वर येतात. येथे मामाने जे केले, ते मी फार जवळून पाहिले. चढताना त्याने मुलाचा हात धरला नाही. हात धरून ओढले की मुलाचा तोल त्या हातावर जातो आणि पाय कोठे ठेवायचा हे ते पाहत नाही, असे त्याने मला हळू आवाजात सांगितले. त्याऐवजी तो एक पायरी खाली राहिला, मुलाच्या टाचेमागे स्वतःचा तळहात ठेवला आणि पुढचा पाय कोणत्या खाचेत टाकायचा ते काठीच्या टोकाने दाखवत गेला. उतरताना त्याने मुलाला तोंड कातळाकडे करायला लावले आणि प्रत्येक पायरीवर पाऊल टेकेपर्यंत स्वतः खाली थांबला. मुलगा घाबरला नाही, कारण प्रत्येक हालचाल त्याची स्वतःची होती.

दरवाजे ओलांडून गुहांची रांग आणि मग माथ्यावरचा विस्तार येतो. गंगासागर तलावापाशी पोहोचलो, तेव्हा मुलगा अजूनही उत्साहात बोलत होता आणि परशुरामाच्या मंदिरापर्यंत, म्हणजे अगदी शिखरावर, जायचेच असा हट्ट धरून होता. मामाने त्याला काही सांगितले नाही, फक्त तलावाच्या काठाने थोडे चालवले. त्या सपाट वाटेवर मुलाला दोनदा ठेच लागली. मग मामा आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "चढावर दम लागतो, त्याचे काही नाही. सपाटीवर ठेच लागायला लागली, की पाय दमले. याच पायांनी त्याला खाली उतरायचे आहे." त्याने निर्णय आमच्यावर लादला नाही, पण त्यानंतर वेगळा निर्णय घेण्याचे कारणच उरले नाही. माझे पती आणि मुलगी मामाबरोबर शिखराकडे गेले, मी आणि मुलगा पुतण्याबरोबर तलावाशी आणि गुहांपाशी थांबलो.

मुलगा रडला. तो बराच वेळ रडत होता, हेही सांगितले पाहिजे, कारण असे काही घडले की आई-वडिलांचे मन विरघळते आणि नको तो धोका पत्करला जातो. पुतण्याने त्याला समजावण्याच्या भरीस न पडता थोड्या वेळाने लढाईची गोष्ट सुरू केली. 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी हा गड घेतला, मोगल फौजेने त्याला वेढा घातला आणि 1672 मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी पायथ्याच्या उघड्या मैदानात मोगलांचा पराभव केला. सूर्यराव काकडे यांना याच लढाईत वीरमरण आले. मराठ्यांनी मोकळ्या रणात मोगलांना दिलेली ही मोठी मात होती, हे सांगताना तो खालच्या प्रदेशाकडे बोट करीत होता आणि मुलगा डोळे पुसत, घोडदळ कोणत्या बाजूने आले असेल, असे विचारू लागला. पुस्तकातला इतिहास त्याला घरी अनेकदा वाचून दाखवला आहे, तरीही असे प्रश्न त्याने पूर्वी कधी विचारले नव्हते.

शिखरावरून परतलेल्या मुलीने सालोटा, मुल्हेर, मोरा आणि मांगी-तुंगीचे सुळके ओळखल्याचे अभिमानाने सांगितले. परशुरामाने येथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकणची भूमी निर्माण केली, ही आख्यायिकाही ती मामाकडून ऐकून आली होती. एकच वाटाडा असता, तर एकतर तिला शिखर सोडावे लागले असते किंवा धाकट्याला थकल्या पायांनी वर न्यावे लागले असते. म्हणून वेगवेगळ्या वयांची मुले असलेल्या कुटुंबाने दुसऱ्या वाटाड्याच्या खर्चात काटकसर करू नये. तंबू, गाद्या आणि शेकोटी या गोष्टी कोठेही भाड्याने मिळतात. मुलाच्या पावलांवरून त्याची ताकद ओळखणारा आणि योग्य जागी थांबवणारा माणूस मिळणे अवघड आहे आणि या सेवेची खरी किंमत त्याचीच आहे.

दराविषयी सांगायचे तर, आम्ही गेलो तेव्हा मुक्काम आणि दोन्ही वेळचे जेवण, न्याहारी, चहा मिळून मोठ्या माणसाला बाराशे रुपये आणि मुलांना निम्मे असा हिशेब होता, वाटाड्यांचे पैसे वेगळे होते. नाशिकहून निघणाऱ्या आयोजित सहलींच्या मानाने हा दर माफक आहे आणि पैसे थेट गावातल्या घरात जातात. पावती मात्र मिळाली नाही आणि नोंदणी रद्द केल्यास आगाऊ रकमेचे काय, याचेही उत्तर मोघम होते. या दोन गोष्टी त्यांनी साध्या वहीच्या कागदावर लिहून दिल्या, तरी नवीन माणसाचा विश्वास वाढेल.

आमच्या मुक्कामाच्या रात्री शहरातल्या एका आयोजकाने आणलेला मोठा गट शेजारच्या शेतात उतरला होता आणि त्यांनी ध्वनिवर्धक लावला होता. दादांनी जाऊन शांतपणे विनंती केली आणि काही वेळाने आवाज थांबला, परंतु साल्हेरचे नाव जागतिक वारशात गेल्यानंतर अशा गटांची वर्दळ वाढणार हे उघड आहे. गावाने मिळून याबाबत नियम करावेत, असे दादांना वाटते आणि आमच्यासारख्या येणाऱ्यांनी त्यांना त्यात पाठिंबा द्यावा.

हंगाम म्हणून पावसाळा संपल्यानंतरचे आणि थंडीचे महिने उत्तम. भर पावसात कोरीव पायऱ्या निसरड्या होतात आणि उन्हाळ्यात माथ्यावर सावली फारच थोडी असते, त्यामुळे त्या काळात लहान मुलांना नेऊ नये. प्रत्येकाने किमान दोन लिटर पाणी बरोबर घ्यावे, गडावरचे पाणी गाळून आणि शुद्ध करूनच मुलांना द्यावे. तंबूत शिरताना बूट आत घ्यावेत आणि सकाळी झटकून घालावेत, कारण या भागात घोणस आणि फुरसे आढळतात. सर्पदंश झालाच, तर घरगुती उपाय न करता 108 क्रमांकावर फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे. फोनची रेंज वाटेत सलग मिळत नाही, तेव्हा ती कोठे मिळते हे वाटाड्याला निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

निघताना मी मुलांच्या पिशव्या, एकेरी तंबू आणि शौचालयाची कडी या तिन्ही गोष्टी दादांना स्पष्टपणे सांगितल्या. त्यांनी त्या ऐकून घेतल्या आणि कडीचे काम त्याच आठवड्यात करतो म्हणाले. बाकी दोन्हींसाठी पैसे साठवावे लागतील, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, तेव्हा येत्या हंगामात जाणाऱ्या कुटुंबांनी ही उणीव धरूनच सामान बांधावे.